बरखास्त आवाजांचे दप्तर

चित्रफितीच्या संपादनाला आमच्या वाशीमकडे कोणी संपादन म्हणत नाही. त्या कामाला मिक्सिंग म्हणतात, दुकानाला मिक्सिंगची लॅब म्हणतात आणि ते काम करणारास, त्याचे वय साठीकडे झुकले असले तरी, मिक्सिंगवाला पोरगा म्हणतात. नाव मिसळण्याचे असले तरी या धंद्यात माझी जी तेहतीस-चौतीस वर्षे गेली, त्यांतला निम्म्याहून अधिक काळ मिसळलेले वेगळे करण्यात, आणि त्यातही चित्राला चिकटून आलेला नकोसा आवाज सोडवून बाजूला काढण्यात खर्ची पडला, हे आज हिशेब मांडताना ध्यानात येते तेव्हा माझे मलाच आश्चर्य वाटते. चित्र कापणे सोपे. ते डोळ्यांना दिसते, आणि त्याचा आरंभ कोठे व शेवट कोठे हे नव्याने कामास लागलेल्या पोरासही दाखवता येते. आवाजाला अशी कड नसते. शिवाय कॅमेरा लग्नमंडपात उभा केला म्हणजे तो पाहतो समोरचे, पण ऐकतो चारही दिशांचे : भटजींच्या मंगलाष्टकांबरोबर मंडपामागे धडधडणारा जनरेटर, आचाऱ्याने पाणक्याला दिलेली शिवी, मांडवाच्या कनातीशी कुजबुजणाऱ्या दोन विहिणींचे हुंड्याविषयीचे मत, आणि या सर्वांहून निकट, खुद्द कॅमेरावाल्याचा श्वास व त्याने आपल्या हाताखालच्या पोरास केलेला हुकूम, की लाइट इकडे घे. हे सारे एकाच पट्ट्यावर दाखल होते आणि सकाळी माझ्या टेबलावर येऊन पडते.

१९९१ साली पाटणी चौकाजवळच्या एका लॅबमध्ये मी उमेदवारीस लागलो. त्या वेळी वाशीम हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते, जिल्हा व्हायला अजून सात वर्षे होती, आणि लग्नाची शूटिंग करवणे ही चार गावांत बोलली जावी अशी गोष्ट होती. काम व्हीएचएस कॅसेटवर चाले. त्या अर्ध्या इंची फितीवर चित्र तिरप्या रेषांनी लिहिले जाई आणि आवाजाचा पट्टा मात्र फितीच्या अगदी काठाने सरळ धावे. फीत सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरांहून किंचित अधिक सरकत असे. गाण्यांच्या साध्या कॅसेटची फीतसुद्धा याच्या दुप्पट वेगाने धावते, तेव्हा त्या काठावरच्या आवाजाची योग्यता काय असेल याची कल्पना सुज्ञांनी करावी. म्हणून आमच्या उस्तादांनी एक शिरस्ता घालून दिला होता. दोन व्हीसीआर आणि मधला मिक्सर जोडून चित्राची नवी प्रत उतरवायची, आणि कॅमेऱ्यातल्या आवाजाची वायर जोडायचीच नाही. तिच्या जागी टेपरेकॉर्डरची वायर जोडून वरातीवर एक गाणे, हळदीवर दुसरे आणि बिदाईवर तिसरे असा बेत ठरवून टाकायचा. नकोशा आवाजाचा इतका जलद निकाल त्यानंतर आलेल्या एकाही यंत्राने लावलेला मला ठाऊक नाही. एक वायर काढली की तीन तासांच्या कोलाहलाची तक्रार कायमची फैसल.

या फैसल्याविरुद्ध पहिले अपील मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून आले. मार्गशीर्षात ज्यांच्या मुलीचे लग्न आम्ही चित्रित केले होते ते गृहस्थ पुढल्या आषाढात भिजत लॅबमध्ये आले आणि पिशवीतून कॅसेट काढून म्हणाले, "भाऊ, यात आहेराचं वाचन कुठी आहे? इथं तं नुसतं गानंच वाजून राह्यलं." चौकशी करता कळले ते असे की त्यांच्या घराचे छप्पर गळून आहेराची वही भिजली होती, शाईचा लगदा झाला होता आणि त्यातले चार आकडेही लागत नव्हते. शहरातल्या वाचकास यात मोठेसे काही वाटणार नाही. परंतु खेड्यातला आहेर ही निव्वळ भेट नसते. ते एक बिनव्याजी कर्ज असते, आणि ज्याने आपल्या मांडवात एक्कावन्न रुपये लिहिले त्याच्या मांडवात निदान एक्कावन्न लिहिणे हे ज्यास चुकले त्याची अब्रू पुढल्या दोन पिढ्यांच्या पंगतींत चघळली जाते. त्या लग्नात प्रत्येकाचे नाव आणि रक्कम माइकवरून मोठ्याने पुकारली गेली होती, आणि आमच्या मूळ कॅसेटमध्ये ती पुकार पाऊण तास अखंड होती. आम्ही तिच्यावर एक नाचाचे गाणे घातले होते.

मूळ कॅसेटचा शोध घेतला तेव्हा समजले की तिच्यावर माघातले दुसरे लग्न चित्रित झाले आहे, कारण कोऱ्या कॅसेटचा खर्च वाचवण्यासाठी जुनीच पुनःपुन्हा वापरणे हाही उस्तादांचा शिरस्ताच होता. मग आम्ही तिघे, ते गृहस्थ, उस्ताद आणि मी, पडद्यासमोर बसून पुकारणाराच्या ओठांवरून नावे लावता येतात का ते पाहू लागलो. पण त्या भल्या माणसाने माइक तोंडाशी असा धरला होता की नाकाच्या खालचे काहीच दिसत नव्हते. गृहस्थ काही रागावले नाहीत. वऱ्हाडी माणूस मोठे नुकसान झाले म्हणजे शांत होतो, लहानासाठीच भांडतो. त्यांनी कॅसेट पुन्हा पिशवीत घातली, चहा घेतला आणि पावसातून निघून गेले. त्या दिवसापासून, उस्तादांनी पैशाच्या नासाडीबद्दल पुष्कळ बोलून दाखवले तरी, मूळ कॅसेट निदान एक पावसाळा पुसायची नाही अशी तजवीज मी माझ्यापुरती केली, आणि पुढे स्वतःचे दुकान थाटले तेव्हा तिला नियमाचे रूप दिले.

व्हीसीआरवर चित्र तसेच ठेवून काठाचा आवाज तेवढा नव्याने भरण्याचे जे बटण असे त्याचा मोह मला अनेक वर्षे होता. चित्राची दुसरी प्रत काढावी लागत नाही, त्यामुळे ते निस्तेज होत नाही आणि वेळ वाचतो. परंतु त्या बटणाला दयामाया नव्हती. नवा आवाज चढत असतानाच जुना जाई, आणि गेलेला परत येण्याचा मार्ग नसे.

संगणक आला तो २००४च्या सुमारास, आणि त्याने ही निर्दयता संपवली असे आम्हांस वाटले. कॅमेरा मिनीडीव्हीचा झाला. तासाभराची चिमुकली कॅसेट तासभर लावून संगणकात उतरवायची, तिची फाईल तेरा जीबींच्या आसपास होई, आणि ती एडियस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की चित्र आणि आवाज यांची गाठ बांधलेली क्लिप टाइमलाइनवर उतरे. गाठ सोडवावी, खालचा आवाज निवडावा, पुसावा. पुढल्या क्लिपकडे जावे. एका लग्नाचे पाचशे-सहाशे तुकडे होत, आणि प्रत्येकास तीन क्रिया म्हटल्या तरी रात्र कशी सरे ते उजवे मनगट सांगे. त्यातच पुढे मोठे कॅमेरे आले, ज्यांच्या फाईलमध्ये आवाजाचे एकाऐवजी चार-चार ट्रॅक असत. एका जाहीर सभेचे तीन कॅमेऱ्यांचे चित्रण माझ्याकडे आले तेव्हा पहिल्या ट्रॅकवर व्यासपीठाच्या मिक्सरमधून आलेला स्वच्छ आवाज, दुसऱ्यावर कॅमेऱ्याच्या माइकचा गोंगाट, आणि तिसरा व चौथा निव्वळ रिकामे असा मामला होता. मी ते रिकामे ट्रॅकसुद्धा एकेक करून पुसत बसलो. शून्याला शून्याने बरखास्त करण्याच्या त्या कामात दोन रात्री गेल्या.

तिसऱ्या दिवशी नागपूरचा एक तरुण संपादक दुसऱ्याच कामासाठी दुकानात आला होता. त्याने माझ्या खुर्चीमागे उभे राहून दोन मिनिटे हा उद्योग पाहिला आणि अत्यंत आदबीने विचारले, "काका, हे तुम्ही टाइमलाइनवर येऊच का देता?" माझ्या धंद्यातले जे थोडे प्रश्न मला जन्मभर पुरले त्यांत हा पहिला. क्लिप खाली उतरवण्यापूर्वी डावीकडे जी चित्राची आणि आवाजाची छोटी बटणे असतात त्यांतले नको असलेल्या ट्रॅकचे बटण तोडून ठेवले की तो ट्रॅक खाली उतरतच नाही. प्रीमिअरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व फाईली बिनमध्ये एकदम निवडून, त्यांच्या आवाजाचे कोणते चॅनल घ्यायचे हे आधीच ठरवून देता येते, मात्र ते टाइमलाइनवर टाकण्याच्या आधी. कारण आधीच उतरलेल्या तुकड्यांना तो हुकूम लागू होत नाही. आणि जे आधीच उतरले असेल त्याच्यासाठी बाकीच्या ओळींना कुलूप घालून एक आडवी ओळच्या ओळ निवडावी, किंवा ती आख्खी ओळच काढून टाकावी. दोन रात्रींचे काम त्याने अडीच मिनिटांत करून दाखवले. मी त्याला चहाबरोबर भजी मागवली आणि मनातल्या मनात स्वतःला जे म्हणालो ते येथे लिहिण्याजोगे नाही. जकात नाक्यावर जशी गाडीची झडती दारातच होत असे, गावात शिरल्यावर घरोघर होत नसे, इतकी साधी गोष्ट समजायला मला जवळपास वीस वर्षे लागली होती.

मात्र झटपट पुसण्याची विद्या हाती आली त्याच वर्षी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत हास्यास्पद चूक केली, आणि ती झटपटीतूनच झाली. सॉफ्टवेअरमध्ये एक अशी तऱ्हा असते की मधला तुकडा काढला की मागचे सर्व तुकडे आपण होऊन पुढे सरकून भोक बुजवतात. चित्र कापताना ही मोठीच सोय. मंगरूळपीरकडच्या एका लग्नात वरातीच्या बॅंडचा चार-सव्वाचार मिनिटांचा आवाज मला नको होता, तो मी निवडून पुसला, आणि ती तऱ्हा चालू आहे हे विसरलो. चित्र जागेवर राहिले. आवाजाची ओळ मात्र तेवढी पुढे सरकली, आणि तेथून शेवटपर्यंत प्रत्येक आवाज आपल्या चित्राच्या चार मिनिटे आधी वाजू लागला. तपासणीसाठी मी पहिली वीस मिनिटे आणि शेवटची पाच पाहिली. शेवटी बिदाईवर गाणेच घातलेले, त्यात ओठ कोणाचे जुळायचे! कॅसेट तर गेली, आणि चार दिवसांनी नवऱ्या मुलाच्या काकांचा फोन आला. ते हसत होते की रागावले होते हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. "भाऊ, अक्षता पडून राहिल्या अन् आवाज येते 'वाढा, बुंदी वाढा'. आमच्या भटजीनं बुंदीचे मंत्र म्हटले काय?" मी ते लग्न विनामूल्य पुन्हा बसवून दिले. काकांनी जुनीही प्रत परत केली नाही. घरात पाहुणे आले की तीच लावतात असे नंतर ऐकले.

त्यानंतर मी पुसणेच सोडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण पुसण्याच्या आधी गप्प बसवण्याची सवय मी लावून घेतली. ट्रॅक मूक करावा, त्याचा रंग करडा करून ठेवावा, सगळ्यात खालच्या ओळीस न्यावा, आणि शेवटची प्रत निघून गिऱ्हाइकाने ती पाहून पसंत केल्यानंतरच त्याच्या भवितव्याचा विचार करावा. याचे एक कारण भीती; दुसरे अधिक शास्त्रीय. ज्या आवाजाला आपण निरुपयोगी समजतो तो कॅमेऱ्याचा कच्चा आवाज हाच पुष्कळदा इतर सर्व चांगल्या आवाजांचा एकमेव साक्षीदार असतो. वक्त्याच्या सदऱ्याला लावलेला छोटा माइक वेगळ्या रेकॉर्डरमध्ये बोलतो, व्यासपीठाचा मिक्सर तिसरीकडे, आणि या सर्वांना चित्राशी जुळवायचे तर कॅमेऱ्याने स्वतः काय ऐकले हे पाहूनच जुळवावे लागते. सिनेमात यासाठी पाटी वाजवतात. लग्नात पाटी कोण वाजवणार? तेथे अंतरपाट दूर झाल्याक्षणी पडणाऱ्या टाळ्या, पहिला फटाका, किंवा नारळ फुटल्याचा टणत्कार शोधावा लागतो, आणि तो त्या गोंगाटाच्या पट्ट्यातच सापडतो. पूर्वी मी कॅमेऱ्याचा आवाज आधी पुसून मग ओठांवरून जुळवीत बसे. घरातली किल्ली विहिरीत टाकून कुलूप दगडाने फोडण्याचा तो प्रकार.

जुळवल्यानंतर मात्र दोघांपैकी एकाला गप्प केलेच पाहिजे, आणि यात नवशिके हमखास फसतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचे. तेवढ्या वेळात आवाज साडेतेरा मीटर चालतो. मंडपाच्या टोकाला, व्यासपीठापासून तीस मीटरांवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला वक्त्याचा शब्द दोन चित्रे उशिरा पोचतो. सदऱ्यावरचा माइक आणि हा कॅमेरा दोन्ही चालू ठेवले तर भाषण रिकाम्या हौदात चालल्यासारखे ऐकू येते, आणि वक्त्याचे समर्थक म्हणतात की आमच्या साहेबांचा आवाज मुद्दाम पाडला. असा आरोप मजवर झालेला आहे, निवडणुकीच्या दिवसांत झालेला आहे, आणि हौदाचे व तीस मीटरांचे गणित सांगून तो दूर होत नाही.

जनरेटरविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. २००५च्या पुढच्या काही वर्षांत विदर्भात भारनियमनाने जो काळोख माजवला होता त्यात लग्नसराई आणि उन्हाळा एकत्र येत, आणि मंडपवाला जनरेटर नेमका बोहल्याच्या पाठीशी बांधी, कारण तेवढीच वायर त्याच्याकडे असे. ती धडधड शंभर हर्ट्झच्या खालचा भाग कापला की बरीच शमते. वरची घरघर राहते ती राहतेच, आणि अधिक कापू गेले तर नवऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मी गिऱ्हाइकांना सांगत असे की मिक्सिंगचे पैसे देण्यापेक्षा मंडपवाल्यास आणखी पन्नास हात वायर आणायला सांगा. ती सूचना एकानेही मानली नाही.

आता जी हकीकत सांगायची ती सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते. मानोरा तालुका हा आमच्या जिल्ह्यातला बंजारा वस्तीचा भाग. पोहरादेवी तेथेच आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे तिला बंजारा समाजाची काशी म्हणतात, रामनवमीच्या यात्रेला तेथे देशभरातले तांडे लोटतात, आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्या समाजाच्या वारशाचे संग्रहालयही तेथे उघडले. त्या परिसरातल्या एका तांड्यावरचे लग्न माझ्याकडे आले होते. मी चित्रणास गेलो नव्हतो. माझ्यासमोर होत्या फक्त फाईली. त्यांत एके ठिकाणी नवरी बाया-माणसांच्या गळ्यात पडून रडत होती आणि वीस-बावीस मिनिटे रडतच होती, भोवतालच्या बायाही सूर ओढून रडत होत्या. मला वाटले, चित्र छान आहे, पण एवढे रडणे कोण ऐकेल? नागपूरच्या त्या पोराने शिकवलेली सर्व हातचलाखी वापरून मी तो ट्रॅक क्षणात मूक केला आणि त्या जागी सनईची एक धून घातली, जी मी त्या हंगामात आणखी चाळीस लग्नांवर घातली होती.

प्रत नेण्यास तांड्याचे नायक स्वतः आले. वृद्ध, पांढरे धोतर, पागोटे. त्यांनी दुकानातच पाहायची इच्छा दर्शवली. तो प्रसंग आला तेव्हा ते पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागले. "इथं पोरगी काय म्हणते?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "बाबा, रडते." ते म्हणाले, "रडत नाही. गाते." आणि मग अत्यंत संयमाने त्यांनी मला सांगितले की ते ढावलो आहे, सासरी निघालेली मुलगी आईबापाला, भावाला, ज्या तांड्यात वाढली त्या तांड्याला, एकेकाला उद्देशून ते म्हणते, त्याचे शब्द तिला मोठ्या बायांनी शिकवलेले असतात, आणि कोणत्या पोरीने ढावलो कसा म्हटला याची चर्चा तांड्यात वर्षानुवर्षे चालते. मला गोरमाटी बोली येत नाही. ज्या जिल्ह्यात मी जन्मलो, ज्याच्या सहाही तालुक्यांतली लग्ने वर्षानुवर्षे कापत आलो, त्यातल्या एवढ्या मोठ्या समाजाची बोली माझ्या कानाला रडण्यापलीकडे काही सांगत नव्हती, आणि त्या अज्ञानाच्या बळावर मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

या वेळी ट्रॅक पुसलेला नव्हता. मी त्यांच्यासमोर ती करडी ओळ खालून वर आणली, सनई बंद केली आणि आवाज सोडला. नायक डोळे मिटून वीस मिनिटे ऐकत राहिले. मधूनच एखाद्या ओळीचा अर्थ सांगत, मधूनच मान हलवीत, आणि एकदा तर चक्क म्हणाले की येथे पोरगी चुकली. आहेराच्या पुकारीच्या वेळी माझ्याकडे काही शिल्लक नव्हते. या वेळी होते. एवढाच दोन प्रसंगांतला फरक, आणि तो माझ्या शहाणपणाने नव्हे, मंगरूळपीरच्या बुंदीमुळे पडला होता. त्यानंतर कोणत्याही समाजाचे लग्न आले की त्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यास तासभर बसवून, येथे काय चालले आहे ते सांगा, असे मी विचारतो. हिंगोलीकडचे एक जोडपे म्हणाले की इतकी चौकशी तर आमच्या विवाह नोंदणीलाही झाली नव्हती.

फाईलच्या उदरातल्या आवाजांची व्यवस्था हा निराळा विषय, पण त्यातही मी पुष्कळ वेळ व्यर्थ घालवला म्हणून लिहितो. एकदा शेतीविषयक माहितीपटांच्या पन्नास-साठ फाईली आमच्याकडे आल्या, प्रत्येकीत हिंदी, इंग्रजी आणि मराठी असे तीन ट्रॅक. गावोगावच्या टीव्हीत पेनड्राइव्ह लावला की पहिलाच ट्रॅक, म्हणजे हिंदी, वाजे आणि रिमोटवरून भाषा बदलणे कोणालाच जमेना. केवळ मराठी ठेवून द्या, एवढेच काम. दुकानातला मुलगा प्रत्येक फाईल एडियसमध्ये उघडून, दोन ट्रॅक काढून, पुन्हा सबंध चित्र नव्याने बनवीत होता. एका फाईलला पाऊण तास. वस्तुतः चित्राला हात लावण्याचे काही कारणच नव्हते. फाईल ही पेटी आहे; तीत चित्राची एक थैली आणि आवाजांच्या तीन थैल्या ठेवलेल्या असतात; दोन थैल्या काढायच्या तर तिसरीतले धान्य पुन्हा दळण्याचे प्रयोजन काय? २००० साली फ्रान्समधल्या एका संगणकतज्ज्ञाने सुरू केलेले एफएफएमपेग नावाचे एक फुकट साधन आहे, ज्यात कोणते प्रवाह न्यायचे ते सांगून बाकीचा मजकूर जसाच्या तसा उतरवण्याचा हुकूम एका ओळीत देता येतो. पाऊण तासाची फाईल वीस सेकंदांत झाली आणि चित्राचा कणही बदलला नाही. मुलगा त्या दिवशी लवकर घरी गेला. ती खरी त्या साधनाची थोरवी.

आजकालच्या नकोशा आवाजांत एक नवा वर्ग निपजला आहे, तो म्हणजे गिऱ्हाइकाला हवा असलेला पण यंत्राला नको असलेला. वरातीत डीजेने सिनेमाचे गाणे लावावे, नवऱ्याने त्यावर नाचावे, आणि तो नाच यूट्यूबवर चढवला की काही मिनिटांत हक्क सांगणारी नोटीस यावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणे वाजवण्यास मोकळीक आहे. पण ती मोकळीक मंडपातल्या वाजवण्यापुरती, जगाला दाखवण्यापुरती नव्हे, आणि गाणी ओळखणारी जी यंत्रणा त्या संकेतस्थळाने २००७मध्ये आणली तिला वरात आणि चोरी यांतला भेद कळत नाही. मग लोक म्हणतात, गाणे काढा पण ढोल ठेवा, शिट्ट्या ठेवा, मामांचे ओरडणे ठेवा. पूर्वी हे अशक्य होते. आता संगणक एकाच पट्ट्यातले बोलणे आणि संगीत वेगळे करून देतो. पुष्कळदा चांगले करतो, कधीकधी मामांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा करतो.

त्याच विद्येचा एक उपयोग मी असा केला की ज्याची वाच्यता आजवर कोठे केलेली नाही. कारंज्याच्या एका कुटुंबाने १९९२ सालची आपली लग्नाची कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी दिली. मंगलाष्टकांच्या ऐन मध्यात मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या शकुंतला आगगाडीची, तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर धावत असे, लांबलचक शिट्टी आहे आणि तिच्याखाली दोन ओळी साफ बुडाल्या आहेत. शिट्टी काढून द्या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. १९९४ साली ते इंजिन निवृत्त झाले, आणि पुढे गाडीही थांबली. मी शिट्टी काढून दिली, त्या दोन ओळी बऱ्यापैकी वर आल्या, कुटुंब संतुष्ट झाले, आणि शिट्टीचा तेवढा तुकडा मी माझ्याजवळ ठेवून घेतला. परवानगी विचारली नाही.

माझ्या दुकानात एक जाडजूड हार्ड डिस्क आहे, तिच्यावर मी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे : बरखास्त. मूक केलेले ट्रॅक, गाळलेली बोलणी, बदललेल्या आवाजांचे मूळ, सारे तेथे गावाच्या आणि तिथीच्या नावाने पडलेले असते. गेल्या श्रावणात ती भरली. मुलगा म्हणाला, काका, नवी घ्या नाहीतर काही तरी पुसा, आणि सर्वांत मोठी फाईल त्याने उघडून दाखवली : रिसोड तालुका, वैशाख, चाळीस मिनिटे. पुसण्याआधी सबंध ऐकण्याच्या माझ्या नियमाप्रमाणे मी ती कानाला हेडफोन लावून आरंभापासून अखेरपर्यंत ऐकली. मध्ये कोणी बोलेल, कोणी नाव पुकारेल, कोणी गाईल, म्हणून थांबलो. चाळीसही मिनिटे निव्वळ जनरेटर होता. पुसून टाक, मी म्हटले.